दिवाळी अंकाची पीडीएफ आणि अदृश्य वॉटरमार्क : काय साधते, काय साधत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दिवाळी अंक काढता, छापील अंकासोबत त्याची पीडीएफ आवृत्तीही विकता, आणि खरेदीदारांना ईमेलने पाठवलेली ही पीडीएफ दोन-तीन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आणि टेलिग्रामच्या चॅनेलवर फुकट फिरू लागते. चित्रांच्या पिक्सेलमध्ये अदृश्य वॉटरमार्क, म्हणजे डोळ्याला न दिसणारी ओळखीची खूण, लपवावा, असे एका परिचिताने आपल्याला सुचवले आहे. तो टिकेल का, त्यामुळे अंक फुटणे थांबेल का, कोणी फोडला हे कळेल का आणि कळलेच तर ते न्यायालयात चालेल का, असे आपण विचारले आहे. प्रकाशकांच्या आणि श्राव्य पुस्तकांच्या निर्मात्यांच्या फाइलींत अशा खुणा घालणे आणि बाहेर सापडलेल्या प्रतींतून त्या वाचणे, हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो. कायद्याचा भाग मी कामापुरता जाणतो; प्रत्यक्ष कारवाईपूर्वी वकिलांचा सल्ला आपण घ्यालच.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वॉटरमार्कमुळे फाइलची नक्कल होणे थांबत नाही. नक्कल झाल्यानंतर दोन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर त्यातून मिळू शकते : ही कृती कोणाची आहे, किंवा ही विशिष्ट प्रत मुळात कोणाला दिली होती. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, त्यांसाठी लागणाऱ्या खुणा वेगळ्या आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची गफलत इथेच झालेली असते. त्यांना दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे असते आणि कोणीतरी त्यांना पहिल्या प्रश्नाचे साधन विकलेले असते.

अंक आपला आहे हे सिद्ध करण्यासाठी आपल्याला अदृश्य खुणेची गरज नाही. मुखपृष्ठावर अंकाचे नाव आहे, आत संपादकांचे नाव आहे, छापील प्रती बाजारात आणि ग्रंथालयांत आहेत. शिवाय मालकी सिद्ध करायला एकटा वॉटरमार्क तसा दुबळाच ठरतो. स्कॉट क्रेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की तुमच्या खूण घातलेल्या फाइलमधून दुसरा माणूस स्वतःची एक बनावट खूण गणिताने वजा करून उरलेली फाइल ‘मूळ’ म्हणून पुढे करू शकतो. मग दोघांच्याही तथाकथित मूळ प्रतींत एकमेकांच्या खुणा सापडतात आणि खरा मालक कोण हे केवळ खुणेवरून ठरत नाही. तो वाद तारखेने सुटतो : कोणाची फाइल आधी अस्तित्वात होती, याच्या स्वतंत्र पुराव्याने.

आपली खरी गरज दुसऱ्या प्रकारची आहे. प्रत्येक खरेदीदाराची प्रत किंचित वेगळी असावी आणि तो वेगळेपणा वाचता यावा. या पद्धतीला आमच्या व्यवसायात फिंगरप्रिंटिंग किंवा फोरेन्सिक वॉटरमार्किंग म्हणतात. चित्रपटसृष्टीत ती रुळली आहे. २००४ मध्ये ऑस्कर अकादमीने आपल्या एका सदस्याला काढून टाकले, कारण मतदानासाठी सदस्यांना पाठवलेल्या चित्रपटांच्या प्रतींवर सांकेतिक खुणा होत्या आणि इंटरनेटवर पोचलेल्या प्रती त्याच सदस्याच्या निघाल्या. डिजिटल चित्रपटगृहांच्या तांत्रिक मानकात तर प्रदर्शनाच्या दर पाच मिनिटांत ३५ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक अंक) खूण चित्रात उमटावी अशी तरतूद आहे. खेळाची वेळ आणि ठिकाण त्या ३५ बिटांत बसते. पडद्यासमोर कॅमेरा लावून चोरलेल्या प्रतीतूनही ती खूण वाचता यावी, हा तिचा हेतू आहे.

हा ३५ चा आकडा मी मुद्दाम सांगतो. खूण जितकी कमी माहिती वाहते तितकी ती तगडी करता येते. न दिसणे, टिकणे आणि जास्त माहिती वाहणे या तीन गोष्टी एकमेकींच्या मुळावर येतात. एक वाढवली की उरलेल्या दोहोंपैकी एक तरी घटते. त्यामुळे खुणेत खरेदीदाराचे नाव, फोन नंबर, तारीख असे सगळे कोंबू नये. १३ बिटांत ८,१९२ वेगवेगळे क्रमांक बसतात. आपल्या पीडीएफचे खरेदीदार त्याहून कमी असतील, तर १३ बिटांचा ऑर्डर क्रमांक आणि चूक ओळखण्यासाठी आणखी थोडे बिट एवढे पुरे आहे. बाकीचा तपशील आपल्या नोंदवहीत राहू द्यावा.

आता आपल्या परिचितांनी सुचवलेल्या पद्धतीकडे येतो. राखाडी चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलची उजळता ० ते २५५ या आकड्यांत साठवलेली असते. १४२ च्या जागी १४३ केले तर डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक आकड्याचा शेवटचा बिट बदलत गेले की चित्रात हवा तो मजकूर लपतो. ही पद्धत शिकवायला सोपी आहे आणि मोफत मिळणारी बरीच साधने हेच करतात. गुपचूप निरोप पाठवायचा असेल आणि वाटेत फाइलला कोणी हात लावणार नसेल, तर ती चालतेही. आपल्या कामासाठी ती निरुपयोगी आहे. कारण पान चित्र म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले की ते जेपेगमध्ये, म्हणजे चित्राची फाइल लहान करणाऱ्या नेहमीच्या साठवणपद्धतीत, नव्याने दाबले जाते, आणि त्या दाबण्यात सर्वांत आधी नष्ट होते ते नेमके हेच, डोळ्याला न दिसणारे.

हे का होते ते एका उदाहरणाने पाहू, कारण पुढचा सारा निर्णय यावर अवलंबून आहे. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाचे रूपांतर ६४ गुणकांत, म्हणजे ६४ नव्या आकड्यांत, करते. काही गुणक चौकोनातला ठळक, सावकाश बदलणारा उजेड दाखवतात, तर काही बारीक तपशील दाखवतात. मग प्रत्येक गुणकाला ठरावीक पायरीने भागून जवळच्या पूर्णांकावर आणले जाते. समजा एक गुणक ३७ आहे आणि पायरी २४ आहे. ३७ भागिले २४ म्हणजे सुमारे दीड. तो २ धरला जातो आणि चित्र उघडताना ४८ म्हणून परत येतो. तुम्ही खूण म्हणून ३७ चे ३९ केले असते, तरी उत्तर ४८ च आले असते. खूण गेली, आणि काही गेले हे कोणाला कळलेही नाही. बारीक तपशिलांच्या गुणकांसाठी ही पायरी आणखी मोठी असते. जेपेग मानकातल्या उजळतेच्या नमुना तक्त्यात ती १२१ पर्यंत जाते.

इंगेमार कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या अडचणीवर जो मार्ग सांगितला, तो पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. खूण चित्राच्या क्षुल्लक भागात लपवू नका, चित्राला ज्यांच्यावाचून अर्थ उरत नाही अशा ठळक घटकांतच ती घाला, मात्र प्रत्येक घटकात अगदी थोडी, शेकडो घटकांवर पसरून. मग ती पुसायची तर चित्रच बिघडवावे लागते. वाचताना एकेका घटकातून काही कळत नाही, पण गुप्त किल्लीनुसार (फक्त खूण घालणाऱ्याला ठाऊक असलेल्या सांकेतिक आकड्यानुसार) सर्वांची बेरीज घेतली की खूण स्पष्ट उभी राहते. आजच्या बहुतेक गंभीर पद्धती, ध्वनीतल्याही, या विचाराच्या वंशातल्या आहेत. आपल्या मुखपृष्ठासाठी आणि आतल्या रंगीत चित्रांसाठी हीच जातकुळी निवडा, आणि विक्रेत्याला एवढेच विचारा, की पान चित्र म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा पुढे पाठवल्यावर, एका बाजूने कापल्यावर आणि लहान केल्यावर खूण वाचता येते का. ‘अदृश्य आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

परंतु दिवाळी अंकात चित्रे मोजकी असतात आणि फिरते ती बहुधा कथा किंवा लेख. म्हणून खूण मजकुराच्या पानांवर हवी. इथे मराठीच्या संदर्भात थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या विषयावरचा सल्ला बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो.

युनिकोड ही संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत आहे; तिच्यातली न दिसणारी अक्षरे मजकुरात पेरण्याची एक लोकप्रिय युक्ती आहे. शून्य रुंदीची जोडणारी आणि तोडणारी चिन्हे शब्दांमध्ये टाकायची आणि त्यांच्या असण्या-नसण्यातून क्रमांक लिहायचा. रोमन मजकुरात ही चिन्हे बहुधा निष्क्रिय असतात. देवनागरीत ती निष्क्रिय नाहीत. जोडाक्षर कसे दिसावे हे ती ठरवतात. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि या असे असते, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त, जोडणारे अदृश्य चिन्ह आणि या असे असते. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, आणि युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एकसारख्या करण्याच्या) नियमांनीही ते एकमेकांत बदलत नाहीत. म्हणजे ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ असलेला प्रत्येक शब्द तत्त्वतः एक बिट वाहू शकतो, आणि मराठी गद्यात असे शब्द पानोपानी येतात. मला ही जागा फार सुंदर वाटते. तरीही ती वापरा असे मी सांगणार नाही. एखाद्या अ‍ॅपने अदृश्य चिन्हे गाळून टाकली की डोंगरातल्या ‘दऱ्या’चा समुद्रातला ‘दर्या’ होतो, म्हणजे खूण पुसली जाताना लेखकाचा शब्दही बिघडतो. शोध घेताना एकच शब्द कधी सापडतो, कधी सापडत नाही. आणि स्क्रीनशॉट घेतला की सारेच संपते, कारण चित्रात युनिकोड उरत नाही. ज्या डीटीपी केंद्रात अजून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळणी होते, तिथे तर हा मार्गच बंद आहे.

प्रत्येक प्रतीत एखादा शब्द समानार्थी शब्दाने बदलावा, असेही कोणी आपल्याला सुचवेल. गोपनीय अहवाल कोणी फोडला हे शोधताना ही पद्धत वापरली जाते आणि कोणी मजकूर पुन्हा टाइप केला तरी ती टिकते. साहित्यात ती वापरू नये. कथाकाराने ‘सांज’ लिहिले असेल तर कोणत्याही खरेदीदाराच्या प्रतीत ‘संध्याकाळ’ होता कामा नये. लेखकाच्या मजकुराच्या संरक्षणासाठी लेखकाचाच मजकूर बदलणे मला मान्य नाही, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने लेखकाला दिलेल्या विशेष हक्कांशीही ते खेळणे आहे.

आपल्यासाठी योग्य मार्ग जुना आणि साधा आहे. ब्रॅसिल, लो, मॅक्सेमचुक आणि ओ’गॉर्मन या बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेच्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात दाखवले, की पानावरची एक ओळ इंचाच्या तीनशेव्या भागाइतकी वर किंवा खाली सरकवली तर वाचकाला कळत नाही, पण झेरॉक्सवरून झेरॉक्स काढल्यावरही मोजता येते. दर दुसरी ओळ सरकवायची आणि तिच्या वरची व खालची ओळ जागेवर ठेवायची. वर सरकली तर १, खाली सरकली तर ०. मोजताना शेजारच्या ओळींपासूनचे अंतर पाहायचे असल्याने मूळ प्रत समोर असण्याचीही गरज नसते. ३६ ओळींच्या पानावर अशा १७ ओळी मिळतात. म्हणजे १३ बिटांचा ऑर्डर क्रमांक आणि तपासणीचे चार बिट एका पानात बसतात आणि पानापानावर तेच पुन्हा येते.

देवनागरीला इथे एक नैसर्गिक लाभ आहे, तो म्हणजे शिरोरेषा. रोमन ओळीची नेमकी उंची ठरवताना अक्षरांच्या वरखाली जाणाऱ्या भागांमुळे मोजमाप थोडे पसरते. देवनागरी पानावर काळ्या ठिपक्यांची आडवी बेरीज घेतली, तर प्रत्येक ओळीच्या जागी शिरोरेषेचा एक टोकदार शिखरबिंदू येतो आणि दोन ओळींतले अंतर फार नेमके सापडते. अस्पष्ट, जेपेगने खाल्लेल्या पानावरही ही रेषा बहुधा तग धरते.

मात्र बेल लॅब्जचे मूळ माप आज जसेच्या तसे घेऊ नका. त्यांच्यासमोर झेरॉक्स यंत्र होते, आपल्यासमोर मोबाइलचा स्क्रीनशॉट आहे. साडेसात इंच रुंदीचे पान १,०८० पिक्सेल रुंद पडद्यावर पूर्ण दिसत असेल, तर एका इंचाला १४४ पिक्सेल येतात, आणि इंचाचा तीनशेवा भाग म्हणजे अर्ध्या पिक्सेलहूनही कमी. तो जेपेगमध्ये हरवू शकतो. म्हणून मी इंचाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, सरकवणे पसंत करतो. तो पडद्यावर जवळपास दीड पिक्सेल होतो आणि वाचनात जाणवत नाही. अंक दोन स्तंभांत असेल तर समोरासमोरच्या ओळी एकत्र सरकवा. एका स्तंभाची ओळ हलली आणि शेजारची हलली नाही, तर सराईत मुद्रितशोधकाचा डोळा तिथे अडखळतो. कवितांची पाने वगळा, कारण तिथे कडव्यांमधली अंतरे मुळातच असमान असतात. जाहिरातींच्या पानांवर तर ओळीच नसतात.

हे काम मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने करायचे नाही. अंतिम पीडीएफ एकदाच तयार करावी आणि नंतर लहानशा प्रोग्रामने प्रत्येक ऑर्डरसाठी त्यातल्या ओळींच्या उभ्या जागा बदलून वेगळी प्रत काढावी. पीडीएफमध्ये अक्षरे ‘अमुक जागी अमुक आकार’ अशी नोंदलेली असल्याने फॉन्ट श्रीलिपीचा आहे की युनिकोडचा, याने फरक पडत नाही. पीडीएफ हाताळणे जाणणाऱ्या प्रोग्रामरसाठी हे अवघड काम नाही. क्रमांकाचे बिट सर्व पानांवर एकाच क्रमाने लिहू नयेत, गुप्त किल्लीनुसार पानागणिक क्रम बदलावा, एवढी अट त्याला घाला.

दोन खरेदीदारांनी आपल्या प्रती समोरासमोर ठेवून ताडून पाहिल्या तर काय, हा पुढचा रास्त प्रश्न आहे. जिथे फरक दिसेल तिथे ते ओळ मधोमध आणतील आणि खूण गोंधळेल. यावर डॅन बोने आणि जेम्स शॉ यांनी १९९५ मध्ये आणि गॅबोर तार्दोश यांनी २००३ मध्ये मूलभूत काम केले. अशा संगनमतातही दोषी सापडावा आणि निर्दोषावर ठपका येऊ नये, अशी सांकेतिक रचना शक्य आहे. पण तिची लांबी संगनमत करणाऱ्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तार्दोश यांच्या मूळ सूत्राने केवळ दोघांच्या संगनमतासाठी, आणि निर्दोषावर ठपका येण्याची शक्यता दहा लाखांत एक इतकी खाली ठेवायची तर, साडेपाच हजारांच्या वर बिट लागतात. नंतरच्या संशोधकांनी ही लांबी बरीच खाली आणली. मोठ्या चित्रपटासाठी हा खर्च योग्य आहे. दिवाळी अंक फोडणारे लोक बहुतेक वेळा संगनमत करत नाहीत. एक वाचक आपल्या शाळेच्या ग्रुपवर प्रेमाने अंक टाकतो आणि तिथून तो पुढे जातो. माझा सल्ला या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेला आहे.

आणि म्हणूनच अदृश्य खुणेइतकेच महत्त्व मी दृश्य खुणेला देतो. प्रत्येक पानाच्या तळाशी लहान अक्षरांत अंकाचे नाव, वर्ष, हक्कांची एक ओळ आणि ‘ही प्रत अमुक यांच्यासाठी, ऑर्डर क्रमांक अमुक’ असे छापा. सहज म्हणून पुढे पाठवणारा माणूस पानोपानी स्वतःचे नाव पाहून थबकतो. प्रकाशकांकडून मला जे ऐकू येते त्यावरून तरी, फुटण्याचे प्रमाण कमी करण्यात या एका ओळीचा वाटा बाकी सर्व उपायांहून मोठा आहे. तिथे फोन नंबर किंवा ईमेल मात्र छापू नका. अंक फुटलाच तर खरेदीदाराची खासगी माहिती हजारोंच्या हाती जाईल, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशी माहिती जपण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर ठेवली आहे. प्रतीत ओळखीची खूण आहे हे विक्रीच्या वेळीच सांगा. ते लपवण्यात काही लाभ नाही. लपवायची ती फक्त खुणेची जागा आणि किल्ली.

कायद्याच्या दृष्टीने हक्कांची माहिती आणि खरेदीदाराचा क्रमांक या दोहोंत मोठा फरक आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कलम ६५बी आले. हक्कव्यवस्थापनाची माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकणे किंवा बदलणे हा त्यानुसार गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. कृतीचे नाव, लेखकाचे नाव, हक्कदाराचे नाव व पत्ता आणि वापराच्या अटी या माहितीत मोडतात. पण वापरकर्त्याची ओळख पटवण्यासाठी केलेली योजना या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळली आहे. म्हणजे कोणी केवळ खरेदीदाराचा क्रमांक खोडला तर कलम ६५बी लागू होईल असे धरून चालता येणार नाही. आपले नाव आणि अटी असलेली ओळ खोडली तर ते कलम पुढे करता येईल. म्हणून दोन्ही एकाच ओळीत, एकमेकांना लागून छापा. क्रमांक कापणाऱ्याला हक्काची ओळही कापावी लागेल.

पुराव्यासंबंधी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे आणि इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या ग्राह्यतेची तरतूद त्याच्या कलम ६३ मध्ये आहे. पूर्वी ती पुरावा कायद्याच्या कलम ६५बी मध्ये होती. कॉपीराइट कायद्यातले वरचे कलम ६५बी वेगळे, त्यात गल्लत होऊ देऊ नका. अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते, हे जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठामपणे सांगितले होते. नव्या कायद्यातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून गणिताने काढलेला, फाइल जरा बदलली तरी बदलणारा आकडा) नोंदवायचे असते आणि तज्ज्ञाने भरायचा स्वतंत्र भागही असतो. त्यामुळे प्रत्येक प्रत पाठवण्यापूर्वी एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीने तिचे हॅश काढा आणि ऑर्डर क्रमांक, पाठवल्याची वेळ, पैसे मिळाल्याची नोंद आणि हॅश एका तक्त्यात ठेवा. तो तक्ता आणि खुणेची गुप्त किल्ली वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या माणसांकडे असू द्या. खूण कितीही उत्तम असली, तरी कोणता क्रमांक कोणाला दिला हे सांगणारा तक्ता विक्रीनंतर तयार केलेला असेल, तर समोरचा वकील पहिला हात त्यालाच घालेल.

खूण वाचून जे कळते त्याची मर्यादा कृपया लक्षात ठेवा. कळते ते एवढेच, की बाहेर सापडलेली प्रत अमुक ऑर्डरची आहे. ती त्या माणसाने फोडली, हे त्यातून सिद्ध होत नाही. घरातला फोन मुलाच्या हाती असतो, ईमेलचा पासवर्ड कार्यालयात तिघांना ठाऊक असतो, ग्रंथालयाच्या संगणकावर फाइल उघडी राहते. माझ्या कामात मी अहवालात ‘ही प्रत अमुक क्रमांकाच्या ऑर्डरशी जुळते, आणि योगायोगाने जुळण्याची शक्यता एवढी आहे’ इतकेच लिहितो. ती शक्यता काढण्यासाठी खूण नसलेल्या प्रतीही वाचकयंत्रातून घालून पाहाव्या लागतात. ज्या साधनाला कोऱ्या पानावरही कोणाचा तरी क्रमांक दिसतो, ते साधन एखाद्या निरपराध वाचकाची बदनामी करू शकते. आपल्या वर्गणीदारांपैकी कुणावर असा आरोप होणे, हे अंक फुटण्याहून वाईट आहे.

टेलिग्राम चॅनेलचा प्रश्न वेगळा आहे. तिथे अंक टाकणारा माणूस बहुधा आपला खरेदीदार नसतोच. त्याला तो तिसऱ्या-चौथ्या हातून मिळालेला असतो. त्याच्यासाठी खूण कामाची नाही, तक्रार कामाची आहे. शिकवणीचे साहित्य बेकायदा फिरवणाऱ्या चॅनेलांच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांचा तपशील न्यायालयापुढे ठेवण्याचा आदेश दिला होता, हे आपल्या वकिलांच्या कानावर घालून ठेवा.

आतापर्यंतचे थोडक्यात : चित्रांच्या शेवटच्या बिटांत खूण लपवू नका, मजकुरातली अदृश्य अक्षरे आणि शब्दबदल टाळा, पानाच्या तळाशी नाव आणि हक्काची ओळ छापा, ओळी सरकवून ऑर्डर क्रमांक लपवा, मुखपृष्ठावर पसरलेली खूण जमल्यास घाला, आणि नोंदवही चोख ठेवा. श्राव्य आवृत्ती काढणार असाल तर तिथेही तत्त्व हेच आहे, फक्त चाचणी वेगळी : ध्वनिमुद्रण स्पीकरवर वाजवून दुसऱ्या फोनने व्हॉइस मेसेज म्हणून नोंदवा आणि खूण उरते का ते पाहा.

पीडीएफसाठीची चाचणीही विकत घेण्यापूर्वीच करा. एकाच लेखाच्या तीन वेगळ्या क्रमांकांच्या प्रती आणि एक बिनखुणेची प्रत तयार करून घ्या. त्या दस्तऐवज म्हणून पाठवा, पान चित्र म्हणून पाठवा, स्वस्त फोनवर स्क्रीनशॉट घ्या, छापून मोबाइलने फोटो काढा, ‘प्रिंट’ करून नवी पीडीएफ बनवा. दस्तऐवज म्हणून गेलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर जशीच्या तशी राहते, त्यामुळे ती चाचणी जवळपास कोणतेही साधन उत्तीर्ण होते आणि विक्रेते तीच दाखवतात. निकाल पाहायचा तो स्क्रीनशॉटचा आणि छापून काढलेल्या फोटोचा. क्रमांक कोणत्या प्रतीचा आहे हे वाचणाऱ्याला आधी सांगू नका.

शेवटी, आपण विचारले नाही पण विचारायला हवे होते असे एक. अंकातल्या कथालेखांच्या पीडीएफ हक्कांचे लेखी करार आपल्याकडे आहेत का? बऱ्याच दिवाळी अंकांत फोनवर विनंती होते, लेखक मजकूर पाठवतो, मानधन जाते आणि कागद कुठेच नसतो. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखीच असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत धरला जातो. आपले परदेशस्थ मराठी वाचक पीडीएफचे मोठे ग्राहक असतील, तर हा तपशील किरकोळ नाही. लेखी कागद नसेल तर अंकाच्या एकत्रित रचनेवरचा आपला हक्क सांगता येईल, पण फिरणाऱ्या सुट्या कथेसाठी तक्रार करण्याचा पहिला अधिकार लेखकाचा राहील, आणि चित्रासाठी चित्रकाराचा. पुढच्या अंकाची आमंत्रणे पाठवाल तेव्हा त्यासोबत एक पानाचा करार जोडा. त्यात डिजिटल आवृत्ती, मुदत, प्रदेश आणि मानधन लिहा, आणि फुटलेल्या प्रतीबद्दल लेखकाच्या वतीनेही तक्रार करण्याची परवानगी मागा. खुणेच्या प्रोग्रामचे काम त्यानंतर सुरू केले तरी दिवाळीपूर्वी चाचण्यांना पुरेसा वेळ मिळेल.